गुडघ्यातली दोरी आपोआप जुळते का?



पावसाळा ओसरू लागला की आमच्या सिंधुदुर्गात शालेय कबड्डीच्या स्पर्धा सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग गुडघ्याचे फोनही सुरू होतात. मी डॉक्टर नाही हे पालकांना ठाऊक असते. पण एमआरआयचा इंग्रजी कागद कोणी तरी वाचून, सोप्या भाषेत सांगावा असे त्यांना वाटते आणि मग शाळेतल्या बाईंची आठवण होते. यंदा असे तीन कागद माझ्यासमोर आले. एक दहावीतल्या मुलीचा. चढाईवर गेली, परत फिरताना पाय जमिनीत रुतला आणि अंग वळले. दुसरा मच्छीमार बोटीवरच्या एका खलाशाचा. तिसरा माझ्याच वयाच्या एका भगिनीचा, विहिरीवरून येताना जांभ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. तिन्ही कागदांवर एकच शब्द होता, लिगामेंट फाटल्याचा. तिन्ही घरांत प्रश्नही एकच होता, ऑपरेशन करायचे की आराम करून भागेल? एकाला कोणी सांगितले की लगेच ऑपरेशन केले नाही तर जन्माचा लंगडा होशील. दुसरीला कोणी सांगितले की एरंडाचे पान बांध, तीन आठवड्यांत चालू लागशील. मुलीच्या घरात आणखी एक वाक्य ऐकू आले: "झाला तेवढा खेळ पुरे, उद्या स्थळ बघायला येतील तेव्हा काय सांगायचे?"

शब्द एक असला तरी या तिघांची दुखणी वेगळी आहेत आणि उत्तरेही वेगळी. म्हणून या महिन्यात हाच विषय घेतला आहे.

लिगामेंटला मराठी पुस्तकात अस्थिबंध म्हणतात. उर्दू-अरबीत त्याला 'रिबात' असा सुंदर शब्द आहे. रब्त, राबिता, मरबूत हे सगळे त्याच कुळातले. जे बांधून ठेवते ते रिबात. सरहद्दीवरच्या पहाऱ्याच्या गढीलाही रिबातच म्हणत आणि मोरोक्कोची राजधानी रबात हे नावही त्यावरूनच आले. गुडघ्यातला रिबातही बांधून ठेवतो आणि पहाराही देतो. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. खांद्याच्या किंवा खुब्याच्या सांध्यासारखी वाटी तिथे नाही. ही दोन हाडे जागेवर राहतात ती चार मुख्य अस्थिबंधांमुळे आणि भोवतीच्या स्नायूंमुळे. दोन अस्थिबंध बाजूला आहेत, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. उरलेले दोन गुडघ्याच्या पोटात एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. त्यांतला पुढचा म्हणजे एसीएल. लांबीला सुमारे तीन सेंटीमीटर, जाडीला करंगळीएवढा. नडगीचे हाड पुढे सरकू नये आणि पाय रोवून वळताना गुडघा आतून फिरू नये, हे त्याचे काम.

आधी सोपी गोष्ट. पायरीवरून घसरलेल्या भगिनीचा आतल्या बाजूचा अस्थिबंध अर्धवट फाटला होता. हा अस्थिबंध सांध्याच्या पोकळीबाहेर आहे आणि त्याला रक्तपुरवठा चांगला आहे. फाटला की तिथे रक्त साकळते, त्या गुठळीच्या आधाराने पेशी येतात, नवे तंतू विणले जातात आणि काही आठवड्यांत भेग भरून येते. पुढे वर्षभर ते तंतू हळूहळू पक्के होत राहतात. पूर्ववत, जन्मजात धागा काही परत मिळत नाही. तो व्रणच असतो, पण कामाला पुरेसा. या अस्थिबंधाच्या बहुतेक दुखापती आधाराचा पट्टा, थोडा आराम आणि नंतरचा व्यायाम यांवर बऱ्या होतात. ही अल्लाहने शरीरात ठेवलेली सोय आहे आणि ती त्या भगिनीच्या बाबतीत कामाला आली. मात्र पहिल्या आठवड्यात घरात कोणी तेल लावून रगडले असते तर नव्याने विणला जाणारा धागा उसवला असता. तिने कोणाला हात लावू दिला नाही, हे तिचे शहाणपण.

एसीएलची गोष्ट वेगळी आहे. तो सांध्याच्या पोकळीत आहे आणि त्याच्याभोवती सांध्यातले वंगणासारखे द्रव असते. तो तुटला की रक्ताची गुठळी त्या द्रवात टिकत नाही, विरघळून जाते. तुटलेली दोन टोके एकमेकांपासून दूर जातात आणि मध्ये पूल बांधायला आधारच उरत नाही. भरतीच्या पाण्यात वाळूचा बांध घालून पाहावा तसे. म्हणून अनेक वर्षे वैद्यकीय पुस्तकांत एकच वाक्य होते की पूर्ण तुटलेला एसीएल आपोआप जुळत नाही.

मग तो शिवायचा का? तेही करून झाले आहे. १८९५ साली इंग्लंडमध्ये लीड्सला मेयो रॉबसन नावाच्या सर्जनने एका खाणकामगाराचे दोन्ही फुलीबंध टाके घालून शिवले आणि काही वर्षांनी तो माणूस पुन्हा खाणीत काम करत होता. पण पुढे अशा शिवलेल्या अस्थिबंधांची काही वर्षांनी तपासणी झाली तेव्हा बरेचसे पुन्हा सैल झालेले आढळले. त्यानंतर शिवण्याऐवजी नवा धागा बसवण्याची पद्धत रूढ झाली. रुग्णाच्याच मांडीमागच्या किंवा वाटीखालच्या स्नायुबंधाची पट्टी काढायची, हाडांत बोगदे पाडून ती ओवायची आणि स्क्रूने घट्ट करायची. दुर्बिणीतून केले जाणारे एसीएलचे ऑपरेशन म्हणतात ते हेच. म्हणजे ऑपरेशनने जुना रिबात जोडला जात नाही, त्याच्या जागी दुसरा येतो. घरच्यांना हे कोणी सांगत नाही आणि त्यांना वाटते, टाका मारला की झाले.

आता त्या जुन्या वाक्याकडे परत येऊ. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळणाऱ्या पण व्यावसायिक नसलेल्या माणसांवर एक अभ्यास झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा एसीएल नुकताच तुटलेला होता. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचे लवकर ऑपरेशन आणि नंतर व्यायाम. दुसऱ्या गटाला आधी नुसता व्यायाम, आणि गुडघा साथ देत नसेल तरच पुढे ऑपरेशन. दोन वर्षांनी आणि पुन्हा पाच वर्षांनी विचारले तेव्हा दुखणे, हालचाल, खेळ, रोजचे जगणे यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पाच वर्षांत दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्या लोकांना ऑपरेशन करून घ्यावे लागले आणि निम्म्यांना लागलेच नाही.

खरे आश्चर्य बारा वर्षांनी पुढे आले. त्याच लोकांचे जुने एमआरआय पुन्हा नीट पाहून २०२२ साली एक लेख आला. आधी व्यायाम केलेल्या गटातल्या ज्या ५४ जणांचे एमआरआय पाहता आले, त्यांच्यापैकी १६ जणांचा एसीएल दोन वर्षांत जुळून आल्याच्या खुणा दिसल्या. ज्यांनी ऑपरेशन केलेच नव्हते अशा ३० जणांतले हे १६, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त. आणि ज्यांचा जुळला होता त्यांचे गुडघेही इतरांपेक्षा चांगले चालत होते.

त्यानंतर ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉक्टरांनी एक पाऊल पुढे टाकले. दुखापतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच रुग्णाचा गुडघा काटकोनात वाकवून ब्रेसमध्ये चार आठवडे तसाच ठेवायचा. त्या कोनात तुटलेली टोके एकमेकांच्या जवळ येतात. मग हळूहळू कोन मोकळा करत बाराव्या आठवड्याला ब्रेस काढायचा. २०२३ साली त्यांनी ८० रुग्णांचा हिशेब मांडला. तीन महिन्यांनी त्यांतल्या ९० टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये एसीएल जुळत असल्याच्या खुणा होत्या. पुढे त्यांच्यातल्या ११ जणांचा पुन्हा तुटला.

ही बातमी मोबाइलवर फिरत फिरत आमच्या किनाऱ्यावरही पोचली आहे आणि तिथेच मला भीती वाटते. सिडनीच्या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणजे तसे न बांधता किती जुळले असते ते त्यातून कळत नाही. एमआरआयमध्ये धागा जुळलेला दिसणे आणि त्या धाग्याने कबड्डीचा झटका सहन करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचे, पाय महिनाभर वाकवून बांधून ठेवला तर पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जातो. तिथे रुग्णांना त्यासाठी रक्त पातळ ठेवण्याची औषधे देऊन देखरेखीखाली ठेवले होते. घरात कोणी मुलाचा गुडघा ओढणीने वाकवून बांधू नये. हे मी विनोदाने लिहीत नाही, असा बेत मी कानांनी ऐकला आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ब्रिटनमध्ये ३१६ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यातल्या लोकांची दुखापत जुनी होती आणि गुडघा वारंवार निसटत होता. अशांना ऑपरेशनचा फायदा नुसत्या व्यायामापेक्षा जास्त झाला. म्हणजे नवी दुखापत असेल तर थांबून पाहायला जागा आहे. पण महिने उलटून गेले, व्यायाम मनापासून केला, तरी उतारावर किंवा वळताना गुडघा दगा देतोच, तर नुसते थांबण्यात अर्थ नाही. प्रत्येक वेळी गुडघा निसटला की आतली गादी, जिला मेनिस्कस म्हणतात, ती चिरडते. ती एकदा खराब झाली की चाळिशीतच सांधेदुखीला आमंत्रण. ऑपरेशन केले म्हणून ही सांधेदुखी हमखास टळते असेही नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगावे अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

त्या खलाशाचा विचार करा. बोट हलत असते, फळी ओली असते आणि जाळे ओढताना सगळा भार एका पायावर येतो. रापण ओढणाऱ्यांचेही तसेच, पाय वाळूत रुततो आणि अंग मागे झुकते. त्याचा गुडघा निसटला तर तो समुद्रात पडेल. कचेरीत बसून काम करणाऱ्याला एसीएलशिवाय आयुष्य काढता येते आणि कित्येक जण काढतात. याला ते परवडेलच असे नाही. म्हणून त्याच्यासाठी ऑपरेशनचा विचार आधी करावा लागतो. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूची होती. आपल्याकडे यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याची दुखापत मे महिन्याच्या शेवटची, त्यामुळे रोजगार न बुडता दोन महिने नेमाने व्यायाम करून गुडघा साथ देतो का हे पाहता आले. डॉक्टरांनीच हा मार्ग सुचवला. अजून तो बोटीवर गेलेला नाही. हंगाम सुरू झाला म्हणून घाई करायची नाही, हे त्याच्या आईने ठरवले आणि मला तो निर्णय फार आवडला.

आता त्या मुलीकडे येते. पाय रोवून वळण्याच्या खेळांत मुलींचा एसीएल तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त आढळते. उडी मारून उतरताना मुलींचे गुडघे आत झुकतात, मांडीमागचे स्नायू पुढच्यांच्या मानाने दुबळे राहतात, अशी काही कारणे सांगितली जातात. यावर उपाय आहे. सरावाआधी पंधरा-वीस मिनिटे नीट उतरण्याचे, एका पायावर तोल सांभाळण्याचे, मांडीमागच्या स्नायूंचे व्यायाम घेतले तर अशा दुखापती लक्षणीय कमी होतात. आपल्या शाळांत मुलींना मैदानावर उतरवले जाते ते स्पर्धेच्या आठवडाभर आधी आणि मग दोष खेळाला दिला जातो.

गुडघा तुटला म्हणून मुलीचे काही संपत नाही. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाचे उदाहरण घ्या. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात बिग बॅश स्पर्धेत खेळताना तिचा एसीएल तुटला आणि ऑपरेशन झाले. जूनमध्ये विश्वचषक होता. पहिल्याच सामन्यात इंग्लंडविरुद्ध ९० धावा आणि पुढच्या सामन्यात वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. मात्र पाच महिन्यांतले हे पुनरागमन कोणी आपल्या मुलीसाठी माप म्हणून धरू नये. तिच्याभोवती फिजिओ आणि तज्ज्ञांचा ताफा होता. नॉर्वेतल्या एका अभ्यासात ऑपरेशननंतर नऊ महिने होईपर्यंत खेळात परतणे जितके पुढे ढकलले तितका पुन्हा दुखापतीचा धोका घटत गेला, दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने. दहावीच्या मुलीला नऊ महिने म्हणजे एक शैक्षणिक वर्ष. तेवढे थांबू द्यावे. लग्नाच्या वेळी सांगायचे काय, तर जे घडले ते. गुडघ्याची दुखापत हा ऐब नाही.

दुखापत होते त्या क्षणी काय करावे हे प्रत्येक घरात माहीत हवे. 'टक्' असा आवाज येणे, दोन-चार तासांतच गुडघा टम्म सुजणे आणि उभे राहताना तो निसटल्यासारखा वाटणे ही एसीएल तुटल्याची नेहमीची लक्षणे. खेळ तिथेच थांबवा. बर्फ थेट कातडीवर न ठेवता कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवा, दिवसातून काही वेळा. क्रेप बँडेज गुंडाळा, पाय उशीवर उंच ठेवा. पहिले दोन-तीन दिवस गरम शेक, तेलाचे मालीश आणि हाडवैद्याकडून ओढून घेणे, तिन्ही टाळा. एक्स-रेमध्ये हाड दिसते, अस्थिबंध दिसत नाही. म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे' यावर समाधान मानून घरी येऊ नये. जाणकार डॉक्टर नुसत्या हाताने गुडघा पुढे ओढून पाहतात आणि बरेचसे ओळखतात. एमआरआय त्यानंतरचा.

गुडघा पूर्ण सरकला असेल, पाऊल थंड पडले असेल किंवा बधिर झाले असेल, तर एक मिनिटही न घालवता मोठ्या रुग्णालयात न्या. गुडघ्यामागची मोठी रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते आणि काही तासांत पाय गमावण्याची वेळ येते. क्रिकेटपटू ऋषभ पंतचा गुडघा डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातात असाच सरकला होता. मुंबईत ऑपरेशन झाले आणि तो मैदानावर परतला तो मार्च २०२४ मध्ये. गुडघा एका कोनात अडकून बसला, सरळच होत नसेल, तरीही थांबू नका. गादीचा तुकडा मध्ये अडकलेला असतो.

आपल्याकडे लोक ओरोसला जातात, नाही तर बांबोळीला गोवा मेडिकलमध्ये, किंवा कोल्हापूर-बेळगावला. जाण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे त्या त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. दागिने गहाण टाकण्याआधी एवढी चौकशी जरूर करावी. आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायला लाजू नका. नेमका कोणता अस्थिबंध तुटला आहे, अर्धा की पूर्ण? गादीला इजा आहे का? आणि तीन महिने व्यायाम करून पाहिले तर माझे नुकसान होईल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले तर वेळ घ्या. 'होईल' असे आले तर का, ते समजून घ्या. गादी फाटून अडकली असेल तर खरोखरच थांबता येत नाही.

ऑपरेशन करा किंवा करू नका, व्यायाम दोन्हीकडे सुटत नाही. फिजिओथेरपीसाठी रोज एसटीने कुडाळ-कणकवली गाठणे कोणाला जमणार? दोन-तीन आठवड्यांतून एकदा जाऊन शिकून यावे आणि घरी करावे. मांडी आवळून धरणे, पाय सरळ ठेवून उचलणे, टाच जमिनीवरून सरकवत गुडघा वाकवणे, पुढे अर्धी बैठक, एका पायावर तोल. दिवसातून पाच वेळा नमाजला उठतोच, त्या प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटे याला दिली तर घड्याळ लावावे लागत नाही. नमाज म्हणजेच व्यायाम असे मात्र समजू नका. गुडघ्याला लागणारी ताकद वेगळ्या व्यायामानेच येते.

नमाजबद्दल भगिनी फार विचारतात, म्हणून थोडे. गुडघ्याला पट्टा आहे म्हणून वुजूला अडचण येत नाही. वुजूत पाय घोट्यापर्यंत धुवायचा असतो, गुडघा त्यात येतच नाही. गुस्लच्या वेळी पट्टा काढता येत असेल तर काढावा. काढणे धोक्याचे असेल तर मसहची सवलत आहे, तिचा तपशील आलिमांना विचारावा. कअदाच्या बैठकीत गुडघा पूर्ण दुमडतो आणि सुरुवातीच्या काळात नेमके तेच नको असते. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना आजारपणात जमेल तसे, बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर, नमाज पढण्याची परवानगी प्रेषितांनी (स.) दिल्याचे सहीह बुखारीत आहे. कोकणातले आपण बहुतेक शाफई. शाफई फिक्हमध्ये ज्याला उभे राहता येते त्याचा कियाम, सज्दा जमत नाही एवढ्यावरून सुटत नाही. हनफी फिक्हमध्ये अशा वेळी बसून पढण्याची मुभा अधिक मोकळी आहे. म्हणून आपल्या इमामसाहेबांना विचारून ठरवावे.

खुर्ची घेणार असाल तर प्लास्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते, हे ध्यानात ठेवा. चार पायांना रबरी टोप्या लावा किंवा ती भिंतीला टेकवून ठेवा. आणि वुजूच्या जागेपासून जानमाजपर्यंतची वाट ओली राहत असेल तर तिथे तरट टाका.